गाडी माझी, नाव त्यांचं

परक्या देशात माणसाने दात दुखू देऊ नयेत आणि मोटरसायकल घेऊ नये. दात मी सांभाळले. मोटरसायकल मात्र घ्यावीच लागली. ज्या शीतगृहात कॉम्प्रेसर सांभाळायला मी तीन वर्षांच्या करारावर गेलो होतो ते गावाबाहेर अठरा किलोमीटरवर होतं. माझी पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची आणि पहिली बस सव्वासहाला निघायची. हे वेळापत्रक ज्याने केलं त्याला मी महिनाभर मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या आणि ट्रकवाल्यांना हात दाखवत कामावर गेलो. एकदा कोबीच्या पोत्यांवर बसून गेलो, तेव्हा ठरवलं की आता बास.

बाजारामागच्या गल्लीत एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. माझ्यासारखाच एक परदेशी करार संपवून चालला होता आणि त्याची काळी, दीडशे सीसीची गाडी मिस्त्रीकडे विकायला लावलेली होती. मी ती नीट बघितली. चेन ओढून पाहिली, पुढचं चाक उचलून फिरवलं, थंड इंजिनवर किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली, धूर नाही, खडखड नाही. मी खूश होऊन खिशात हात घातला, तर मिस्त्री म्हणाला, “थांबा साहेब. गाडी तुमची होईल, पण नावावर होणार नाही.”

तिथला कायदा असा, की परदेशी माणसाच्या नावावर पहिली पाच वर्षं वाहन करता येत नाही. करार तीन वर्षांचा आणि अट पाच वर्षांची, म्हणजे दाढी करायला बोलवायचं आणि वस्तरा द्यायचा नाही.

“मग हा निघालेला गडी कोणाच्या नावावर चालवत होता?” मी विचारलं.

“नाववाल्यांच्या. तुम्हीही त्यांच्याच नावावर चालवा. चला, दोन घरं सोडून तर राहतात.” मिस्त्रीने हात पुसले आणि मला घेऊन निघाला.

नाववाले काका तेव्हा पासष्टीचे होते. सडपातळ, स्वच्छ, इस्त्रीच्या सदऱ्यातले. आयुष्यभर त्यांनी पाट्या रंगवल्या. त्या गल्लीतली न्हाव्याची पाटी, शिंप्याची पाटी, दवाखान्याची पाटी, गाड्यांच्या नंबरप्लेटा, सगळं त्यांच्या हातचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक उंच टेबल होतं. त्यावर काचेच्या बरणीत ब्रश उभे, उंचीप्रमाणे लावलेले. मशीनने कापलेली चिकटपट्टीची अक्षरं आली आणि त्यांचा धंदा बसला. तरी ब्रश ते दर आठवड्याला धुवायचे. नखांच्या कडांना बारा वर्षांपूर्वीचा रंग अजून होता. माणूस विलक्षण भिडस्त. ‘नाही’ हा शब्द ते कुठल्याही वळणात सुरेख रंगवून देतील, पण त्यांच्या तोंडून तो कधी निघाला नाही. त्यामुळेच सगळं झालं. पूर्वी एक परदेशी डॉक्टर नंबरप्लेट रंगवून घ्यायला आला आणि म्हणाला, गाडी तुमच्या नावावर करता का, आणि हे हो म्हणाले. मग त्याचा मित्र आला, मग मित्राचा मित्र. मी गेलो तेव्हा काकांच्या नावावर अकरा मोटरसायकली होत्या.

“आणि काका स्वतः कोणती चालवतात?” मी गमतीने विचारलं.

काकू आतून म्हणाल्या, “त्यांना सायकलसुद्धा येत नाही. नाव मोठं, लक्षण खोटं.”

काका हसले. मला म्हणाले, “नाव खुशाल वापरा. माझी एकच अट आहे. महिन्यातून एकदा गाडी घेऊन या. मला बसायचं असतं तिच्यावर.”

मी म्हटलं, म्हाताऱ्याची हौस, आपल्या बापाचं काय जातं. कागदावर बदल काहीच नव्हता. नाव त्यांचंच होतं, तेच राहिलं. फक्त चालवणारा बदलला.

महिन्याच्या पहिल्या सुट्टीला मी गाडी त्यांच्या अंगणात नेऊन उभी करत असे. काका चपला काढून तिच्यावर बसायचे. इंजिन बंद. दोन्ही हात हँडलवर, डोळे मिटलेले. चांगली पाच मिनिटं. मग उतरायचे आणि म्हणायचे, “झालं.” एकदा मी न राहवून विचारलं, की यात काय होतं. ते म्हणाले, “नाव दिलं म्हणजे टाकून दिलं असं नाही ना. अधूनमधून विचारपूस करावी लागते. बाकीचे पाहुणे यायचे बंद झाले. तुम्ही येता, बरं वाटतं.” परदेशी माणसांना ते पाहुणे म्हणत.

बाकीचे येत नव्हते ही गोष्ट मी तेव्हा फारशी मनावर घेतली नाही. काकू मात्र घेत. त्यांनी मला हळूच सांगितलं, की लोक भलभलतं बोलतात. शेजारीण म्हणाली, तुमचे मालक परवा बंदरावर दिसले, मी हाक मारली तर वळून बघितलं. दूधवाला म्हणाला, घाटाच्या वळणावर मला ओव्हरटेक करून गेले. “आणि हे तर दिवसभर इथे माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसलेले!” काकू म्हणाल्या. मी हसलो. शिरस्त्राण घातलं की सगळेच सारखे दिसतात, असं काहीतरी शहाणपणाचं बोललो. काकू हसल्या नाहीत.

गॅरेजमधला प्रकार आधी गमतीचा होता. मिस्त्रीच्या वहीत गाडी काकांच्या नावाने, म्हणून गाडी तयार झाली की तो तेच नाव पुकारायचा. पहिल्या खेपेला मी बाकावर ढिम्म बसून राहिलो. दुसऱ्या खेपेला मिस्त्रीने “अहो, तुम्हीच!” म्हणून हलवलं. तिसऱ्या खेपेपासून मी आपोआप उठायला लागलो. चिठ्ठीवर सही पण गाडीच्या नोंदणी-पुस्तकातल्या नावाची लागे. माझं अक्षर म्हणजे शाळेपासूनचा विनोद. मास्तर म्हणायचे, कोंबडीच्या पायाला शाई लावून सोडली तर याच्यापेक्षा बरं लिहील. त्या अक्षरात मी काकांचं नाव कसंबसं खरडायचो.

सहाएक महिन्यांनी मिस्त्री चिठ्ठीकडे बघत म्हणाला, “सही सुधारली की. शेवटच्या अक्षराला शेपूट मस्त काढता आता.” मला आनंद झाला. चाळिशीला आलेल्या माणसाला अक्षराबद्दल कौतुक मिळालं तर त्याने काय करायचं? पुढच्या आठवड्यात शीतगृहात पाइपांवर सूचना रंगवायच्या होत्या. रंगारी आला नव्हता. मी ब्रश घेतला आणि ‘धोका’ असं लिहिलं. एका दमात, पेन्सिलीची रेघ न मारता. पर्यवेक्षक येऊन बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याने विचारलं, “हे शिकलास कुठे?” मी ब्रश धुवायला घेतला. माझी तिथली भाषाही एव्हाना इतकी सुधारली होती, की फोनवर लोक मला तिथलाच समजायचे. मी मनाशी म्हटलं, इथे राहिलं की येते.

त्याच महिन्यात काका गाडीवर बसून उतरले ते हात चोळत. “तुमच्याकडे फार गारठा असतो का हो? माझे हात हल्ली गार पडतात. आणि नाकाला काहीतरी झोंबतं.” शीतगृहात अमोनियाचा वास असाच झोंबतो. मी त्याबद्दल त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी परत येताना मी पहिल्यांदा घाबरलो. गाडी हळू चालवली आणि वाटेत दोनदा थांबलो.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या लेकीचा निरोप आला. एकुलती एक मुलगी, लग्न होऊन दूर देशात गेलेली. नऊ वर्षांत भेट नव्हती. तिला बाळ होणार होतं आणि तिने आईवडिलांना कायमचंच बोलावलं होतं. काकूंनी त्याच दिवशी पेट्या खाली काढल्या. पण देश सोडून कायमचं जायचं तर एक दाखला लागत होता: नावावर कोणतंही वाहन नाही. तो दाखला मिळाल्याशिवाय तिकडे राहायचा परवाना नाही, आणि परवाना मिळवायला मुदत होती फक्त तीन महिने.

काकांनी नाव परत घ्यायला सुरुवात केली. मी आणि मिस्त्री मदतीला होतो. बंदरावरची गाडी सापडली, तिचा मालक दुसऱ्या कुणाच्या नावावर करायला तयार झाला. एक गाडी नदीकाठी गंजून पडली होती, ती भंगारात काढली. एक एक करत दहा गाड्यांवरून नाव उतरलं. मला वाटलं होतं, ओझं उतरलं की काकांना बरं वाटेल. पण प्रत्येक गाडीनंतर त्यांना आणखी थोडं विसरायला होत होतं. एकदा मी गेलो तेव्हा ब्रशांची बरणी समोर घेऊन बसले होते. मला म्हणाले, “हे कोणाचे आहेत हो? छान ठेवलेत.”

मी मिस्त्रीला सांगितलं. त्याने स्पॅनर खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं. “अकरा ठिकाणी वाटलेलं नाव दहा ठिकाणांहून निघालं,” तो म्हणाला. “मग आता ते जाणार कुठे? उरली ती तुमची एकच गाडी.”

“असलं काही नसतं,” मी ओरडलो. मी मुळात तापट माणूस, आणि घाबरलो की जास्त ओरडतो.

“नसेल. पण उद्याच उतरवा. माझ्या नावावर करा. मला सासरवाडीच्या शिव्या पचल्यात, मला काही होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीच्या सहीचे कागद घेऊन काका, काकू आणि मी नोंदणीच्या कार्यालयात गेलो. लांबट हॉल, लोखंडी बाकं, भिंतीला पाठ टेकून बसणाऱ्यांच्या डोक्यांच्या तेलाचे डाग. चार नंबरच्या खिडकीत एक टक्कल पडलेला कारकून होता. त्याने चाळीस वर्षांपूर्वीचं काकांचं ओळखपत्र काढलं. त्यावर काकांचा तरुणपणीचा फोटो आणि खाली ती देखणी, शेपटीची सही. “अर्जावर अशीच सही करा, गाडी उतरली की दाखला लगेच,” कारकून म्हणाला. “तीन संधी आहेत. तिन्ही नाही जुळल्या तर फाइल वर्षभर बंद.”

काकांनी पेन घेतलं. शांतपणे सही केली आणि कागद पुढे सरकवला. मी वाकून बघितलं. ते अक्षर मी ओळखत होतो. शाळेपासून ओळखत होतो. कोंबडीच्या पायाला शाई लावून सोडलेलं.

“ही कसली सही?” कारकून म्हणाला. काकांनी पुन्हा केली. पुन्हा तेच. काकूंनी तोंडाला पदर लावला. कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “तिसरी आत्ता करू नका. जेवणाच्या सुट्टीनंतर करा. आजोबांना जरा बसू द्या. मग पुन्हा नाव पुकारतील.”

आम्ही बाकावर बसलो. काकूंनी डबा उघडला, कोणीच खाल्लं नाही. त्यांच्या मांडीवर लेकीचं पत्र होतं. त्या ते उलगडत आणि घडी घालत होत्या. माझी गाडी नसती तर त्यांचं नाव अडकलं नसतं, हे मला कळत होतं, आणि मला भयंकर लाज वाटत होती.

सुट्टी संपली. खिडकीत आता दुसरी कारकून होती, चष्मा दोरीला अडकवलेली एक बाई. तिने फाइल उघडून नाव पुकारलं.

काका हलले नाहीत. हॉलमधल्या बाकीच्यांसारखेच तेही इकडेतिकडे बघायला लागले, की कोण उठतंय. बाईने दुसऱ्यांदा नाव पुकारलं. काकूंनी त्यांचं कोपर दाबलं. “तुम्हाला बोलावतायत.”

“मला?” काका म्हणाले, अगदी प्रामाणिकपणे. “कोणाचं नाव घेतलं त्यांनी?”

तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं तेव्हा मी उभा होतो. मी कधी उठलो ते मला माहीत नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“तुम्हीच जा,” त्या हळू म्हणाल्या.

“काकू, हे बरोबर नाही.”

“मला कळतं काय बरोबर आहे ते. मला माझ्या लेकीकडे जायचंय. जा.”

मी खिडकीशी गेलो. बाईने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. मला वाटलं, आता ही शिपायाला हाक मारणार. ती म्हणाली, “फारसे बदलला नाहीत तुम्ही.” आणि कागद पुढे केला.

मी सही केली. एका दमात, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. तिने ओळखपत्र शेजारी धरलं, मान हलवली आणि शिक्का मारला. दाखला हातात घेऊन मी वळलो, तेव्हा काका मला बघून उभे राहिले आणि त्यांनी मला नमस्कार केला. मोठ्या माणसाला करतात तसा.

बाराव्या दिवशी ते दोघं गेले. विमानतळावर मी गेलो होतो. काका चांगले दिसत होते, नवे बूट घातले होते. सगळ्यांशी गोड हसत होते. काकूंनी त्यांचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. गाडी मिस्त्रीच्या नावावर झाली होती आणि मी ती त्याला देऊनच टाकली. कंपनीची व्हॅन सुरू झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला तिच्यावर बसायची हिंमत नव्हती. काकूंनी जाताना ब्रशांची बरणी मला दिली. मी नको म्हणायला हवं होतं. पण ‘नाही’ म्हणणं मला अलीकडे जमेनासं झालं आहे.

पाच आठवड्यांनी एका रविवारी दुपारी फोन वाजला. मी खोलीत कपड्यांना इस्त्री करत होतो. अनोळखी, लांबचा नंबर. दाखल्याच्या अर्जावर संपर्क म्हणून माझा नंबर लिहिला होता, त्यावरून कोणीतरी शोधला असावा.

मी म्हणालो, “हॅलो.”

मग एका बाईचा आवाज, “मी त्यांची मुलगी बोलतेय. तुम्ही आईबाबांना फार मदत केलीत, म्हणून आभार मानायला...” आणि ती थांबली. “तुम्ही पुन्हा एकदा बोलता का?”

“काय बोलू? सगळे बरे आहेत ना? बाळ?”

मला तिच्या मागे कुठेतरी बाळ रडताना ऐकू येत होतं, आणि काकूंचं त्याला थोपटणं.

“आईबरोबर जे आलेत,” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “ते फार चांगले आहेत. जेवतात, हसतात, बाळाला मांडीवर घेतात. चेहरा बाबांचा आहे. पण मी ‘बाबा’ म्हटलं की मागे बघतात, कोण आलंय म्हणून. नऊ वर्षं मी वाट बघितली. आईला विचारलं तर ती नुसती भांडी घासत बसते.” तिच्या बाजूला दार लोटल्याचा आवाज आला. “आणि आत्ता तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात.”

मी फोन ठेवायला हवा होता. मी सांगायला हवं होतं, की बाई, मी परका माणूस आहे, कॉम्प्रेसर दुरुस्त करतो, तुम्हाला मी आयुष्यात कधी बघितलेलं नाही. हे सगळं खरं होतं आणि यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघेना. कारण मला ती दिसत होती. लहानपणी बोलताना उभी राहायची तशीच आता फोनपाशी उभी असणार, एका पायावर दुसरा पाय ठेवून, भिंतीचा आधार न घेता.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही कधी येणार?”

“आधी पाय खाली ठेव,” मी म्हणालो. “पडशील.”